विजेरीतला दिवा

आमच्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात विजेरीला कोणी विजेरी म्हणत नाही. तिचे नाव 'बॅटरी', आणि बॅटरीत घालावयाच्या वस्तूचे नाव 'सेल'. पाठ्यपुस्तकातून 'विजेरी' हा शब्द शिकवून मी वर्गाबाहेर पडलो, की मीही 'बॅटरी कुठं ठेवलीस?' असेच घरात विचारतो. घाटमाथ्याचा पाऊस, जंगलाला लागलेल्या वाड्या, आणि आषाढात दोन दोन दिवस नाहीशी होणारी वीज यांमुळे ही वस्तू आमच्याकडे चैनीची कधीच नव्हती. दाराच्या खुंटीवर छत्री आणि छत्रीशेजारी बॅटरी ही आमच्या घरांची जुनी रीत.

या वस्तूकडे मी आयुष्यात कधी बारकाईने पाहिले नव्हते. पाहण्याची वेळ आली ती दोन वर्षांपूर्वी, सुगीच्या दिवसांत. आमचे शेजारी रात्री जेवण करून खळ्यावर राखणीला निघाले होते. कापून ठेवलेल्या भातावर रानडुकरे येतात, कधी गवेही येतात, म्हणून आळीपाळीने तेथे झोपावे लागते. वाट फणसाच्या झाडांखालून जाणारी, खाली सुक्या पानांचा थर. हातात तालुक्याच्या बाजारातून आणलेली नवी, झगझगीत बॅटरी. तिच्या उजेडात समोरच्या टेकाडावरचे झाड दिसे, याचे त्यांना मोठे कौतुक होते. चालता चालता त्यांना 'सूं' असा आवाज ऐकू आला. ते थांबले. उजेड खाली टाकला. पाने दिसली. पुन्हा पाहिले, पानेच दिसली. म्हणून पाऊल टाकले, आणि घोणस पोटरीला चावली.

ते वाचले. गावातील मुलांनी वेळ न दवडता त्यांना बेळगावला नेले, प्रतिविष मिळाले, मूत्रपिंडाचा त्रास झाला तोही तीन आठवड्यांनी निवळला. सर्वांचे असे होत नाही. आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा अंदाज अभ्यासकांनी २०२० साली प्रसिद्ध केला आहे. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, आणि त्यांतील बहुतेक खेड्यांतली.

शेजारी घरी आल्यावर आम्ही भेटावयास गेलो होतो. निघताना वहिनी ओट्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही शिकलेली माणसं. एक चांगली बॅटरी बघून द्या की ओ. ही नको मला घरात. ह्यांनी उजेड टाकला होता म्हणतात, दिसलं कसं नाही मग?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मराठीत एम. ए. केलेल्या माणसाला विजेच्या दिव्याचे काय कळणार, असे म्हणून सुटता आले असते. पण प्रश्न मनातून जाईना. पुढील दोन महिने मी विज्ञानाच्या सहशिक्षकांना त्रास दिला, पुण्याच्या पुतण्याशी फोनवर वाद घातले, आणि जे हाती लागले ते येथे मांडतो आहे.

प्रथम जुन्या दिव्याविषयी. माझ्या वडिलांची दोन सेलची चकचकीत विजेरी होती. तिच्या बुडाच्या झाकणात, स्प्रिंगच्या आत एक जादा बल्ब जपून ठेवलेला असे. त्या बल्बमध्ये टंगस्टनची बारीक तार तापून पिवळा उजेड देई. आजच्या हिशेबाने तो उजेड अगदीच बेताचा. उजेडाची एकूण मात्रा ल्युमेन या मापाने मोजतात. त्या विजेरीचा दिवा दहा-पंधरा ल्युमेनच्या पलीकडे क्वचितच जात असेल. सेलमधली बहुतेक शक्ती तार तापविण्यातच खर्च होई. परंतु एक गुण त्या दिव्यात होता, त्याचे महत्त्व मला फार उशिरा कळले. तो पुढे सांगतो.

आता सर्वत्र एलईडी आली आहे. ही तार नव्हे. हा अर्धवाहक पदार्थाचा लहानसा तुकडा असतो, आणि त्यातून वीज वाहताच तो तापून लाल न होता सरळ प्रकाश देतो. डोळ्यांना दिसणारा तांबडा प्रकाश देणारी एलईडी अमेरिकेत निक होलोन्याक यांनी १९६२ साली बनविली. निळ्यासाठी मात्र तीस वर्षे थांबावे लागले. ते काम अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांनी केले व त्याबद्दल २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. निळ्याचे एवढे मोल का? कारण आपण ज्याला पांढरा म्हणतो तो एलईडीचा उजेड मुळात निळाच असतो. निळ्या तुकड्यावर फॉस्फर नावाच्या पिवळसर भुकटीचा लेप देतात. काही निळा प्रकाश तसाच बाहेर येतो, काहीचे लेपात पिवळ्यात रूपांतर होते, आणि दोहोंची भेसळ डोळ्याला पांढरी वाटते. भेसळ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. वहिनींच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे.

बाजारात फिरल्यावर या दिव्यांचे निरनिराळे प्रकार दिसतात. सर्वांत स्वस्त म्हणजे तांदळाच्या मोठ्या दाण्यासारखे, पाच मिलिमीटर जाडीचे गोल डोक्याचे दिवे. भिंतीच्या प्लगमध्ये सरळ खुपसून चार्ज करावयाच्या प्लॅस्टिकच्या विजेऱ्यांत ते सात किंवा नऊ ओळीने बसविलेले असतात. त्यांतला तुकडा राळेत बुडवलेला असल्याने त्याची उष्णता बाहेर निघत नाही, आणि उजेड वाढविण्याच्या हव्यासाने त्याला झेपेल त्याहून अधिक वीज दिलेली असते. पहिल्या महिन्यात झगझगाट, वर्षाने काजवा. आतील शिशाची बॅटरी उन्हाळ्यात विसरून रिकामी राहिली की तीही मरते. आमच्या घराच्या माळ्यावर अशा चार आहेत. टाकवत नाहीत, चालत नाहीत.

दुसरा प्रकार चपट्या, शक्तिमान एलईडीचा. हा दिवा धातूच्या पट्टीवर जडवलेला असतो व त्याची उष्णता पट्टीतून विजेरीच्या अंगात उतरते. एलईडीच्या झोतात उष्णता नसते, ती पाठीमागे साचते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. म्हणून चांगल्या लहान विजेरीचे अंग ॲल्युमिनियमचे असते, आणि ती हातात कोमट होते ते लक्षण चांगलेच समजावे. 'क्री' कंपनीच्या एक्सपी-जी आणि एक्सएम-एल, जपानच्या 'निचिया'ची २१९, 'सॅमसंग'ची एलएच३५१डी ही या कुळातील नावे. त्यांतील बरीचशी साडेतीन मिलिमीटर चौरसाच्या बैठकीची असल्याने एकाच घडणीच्या विजेरीत कारखानदार कधी ही, कधी ती बसवू शकतो. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

शेजाऱ्यांच्या त्या बॅटरीवर 'टी-६' असे ठसठशीत छापलेले होते. दुकानदाराने त्यांना सांगितले होते, की हा दिव्याचा सर्वांत भारी प्रकार. वास्तविक टी-६ हा प्रकारच नव्हे. कारखान्यातून निघालेल्या एलईडी तेजाप्रमाणे निवडून वेगवेगळ्या गटांत टाकतात, जसे आपण आंबे निवडतो. त्यांतील एका गटाची ती खूण आहे. एक्सएम-एल जातीत त्या गटाचा अर्थ एवढाच, की ठराविक वीज दिली असता किमान २८० ल्युमेन मिळावेत. पुढे ती खूण इतकी लोकप्रिय झाली की कोणत्याही दिव्यावर छापू लागले. आंबा कोणताही असो, पेटीवर हापूस.

खोक्यावर आणखी एक दावा होता: एक लाख ल्युमेन. हा हिशेब मी आठवीच्या मुलांना फळ्यावर घातला. चांगली एलईडी एका वॅटला शंभर ते दीडशे ल्युमेन देते. शंभर धरा. लाख ल्युमेनला हजार वॅट लागतील, म्हणजे घरातील इस्त्रीएवढी वीज. विजेरीतील बोटाएवढ्या लिथियम सेलमध्ये उत्तम प्रतीचा असला तर बारा वॅट-तास शक्ती मावते. मग विजेरी किती वेळ चालेल? मुलांनी उत्तर काढले: त्रेचाळीस सेकंद. मागील बाकावरून एकजण म्हणाला, "आणि गुरुजी, हात भाजंल ते वेगळंच." त्याला मी पूर्ण गुण दिले.

ल्युमेनचा सोस आणखी एका कारणाने व्यर्थ आहे. उजेड दुप्पट झाला म्हणून डोळ्याला तो दुप्पट वाटत नाही. दुप्पट वाटावा यासाठी सुमारे चौपट उजेड लागतो. पायवाटेने चालावयास पन्नास ते शंभर ल्युमेन पुष्कळ होतात.

उजेड किती दूर जातो हा प्रश्न निराळा. त्याचे माप कँडेला, म्हणजे झोताच्या मध्यभागी असलेली तीव्रता. अमेरिकेत २००९ साली विजेऱ्यांसाठी एक प्रमाण ठरविण्यात आले. त्यानुसार झोताचा उजेड जेथे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, म्हणजे पाव लक्स, उरतो तेथपर्यंत त्या विजेरीचा पल्ला मानतात. पौर्णिमेचे चांदणे हे माप ठरविणाऱ्यांच्या रसिकतेचे मला कौतुक वाटले. २,५०० कँडेलाच्या विजेरीचा पल्ला १०० मीटर येतो, आणि २०० मीटरसाठी १०,००० कँडेला लागतात. अंतर दुप्पट तर तीव्रता चौपट. येथे दिव्याचा आकार महत्त्वाचा ठरतो. विजेरी लहान, म्हणजे आतील चकचकीत वाटी लहान. तशा वाटीत मोठ्या तोंडाची एलईडी बसविली तर उजेड भरपूर पण पसरट पडतो. एक-दोन चौरस मिलिमीटर तोंडाची लहान एलईडी बसविली तर ल्युमेन कमी असूनही झोत दूर जातो. शेतावरच्या माळ्यावरून पलीकडच्या बांधावरचे जनावर पाहावयाचे असेल तर दुसरी घ्यावी. गव्याचे डोळे तिच्यात निखाऱ्यासारखे चमकतात. पण जो आपल्या पायापुढची चार पावले पाहावयास निघाला आहे, त्याला हा दूरचा झोत उपद्रवकारकच. मध्यभागी डोळे दिपविणारा ठिपका आणि त्याच्या कडेला काळोख. दिपलेल्या डोळ्याला त्या काळोखातले काहीच दिसत नाही. शेजाऱ्यांना कौतुक होते ते टेकाडावरील झाडाचे. साप टेकाडावर नव्हता.

आणि आता रंग. माझ्या मते निवडीचे मर्म येथे आहे, आणि खोक्यावर याविषयी बहुधा एक अक्षर नसते.

एलईडीच्या उजेडाची छटा केल्व्हिन या मापात सांगतात. जुन्या बल्बची पिवळी छटा २,७०० च्या आसपास, दुपारच्या उन्हाची ५,५०० च्या आसपास, आणि बाजारी विजेऱ्यांची निळसर पांढरी ६,५०० किंवा त्याहूनही वर. निळसर का करतात? लेप पातळ ठेवला की त्याच विजेत ल्युमेन अधिक मिळतात, आणि दुकानात तो उजेड नजरेत भरतो. परंतु छटा ही अर्धीच गोष्ट. त्या उजेडात वस्तूंचे रंग कितपत खरे दिसतात हे सांगणारा एक वेगळा अंक आहे. त्याला सीआरआय म्हणतात, आपण वर्णदर्शन-अंक म्हणू. शंभर म्हणजे पूर्ण खरे. सामान्य निळसर एलईडीचा अंक सत्तरीच्या घरात असतो, कारण निळ्या-पिवळ्या भेसळीत तांबडा रंग फारच थोडा उतरतो. तांबडाच नसेल, तर तपकिरी, विटकरी, मातकट हे सारे रंग एकमेकांत मिसळून राखी दिसू लागतात. आणि घोणशीच्या अंगावर दुसरे काय आहे? तपकिरी अंग, त्यावर गडद विटकरी गोल ठिपक्यांच्या माळा. सुक्या पानांत तिला लपविण्याची सोय निसर्गाने आधीच केली होती. राहिलेले काम त्या उजेडाने पार पाडले.

वडिलांच्या विजेरीचा जो गुण मघाशी सांगावयाचा ठेवला तो हा. तापलेल्या तारेच्या उजेडाचा वर्णदर्शन-अंक जवळजवळ शंभर असतो. दहा ल्युमेनच्या त्या पिवळ्या दिव्यात रस्ता अंधुक दिसे, पण जे दिसे ते त्याच्या रंगाने दिसे.

चांगल्या एलईडीत हा गुण परत आणता येतो. फॉस्फरमध्ये तांबडा प्रकाश देणारी भुकटी मिसळून नव्वदीच्या वरचा अंक साधतात. निचियाची २१९ याच गुणासाठी नावाजली गेली. सॅमसंगच्या एलएच३५१डीमध्ये आणि 'ल्युमिनस'च्या एसएसटी-२० मध्येही असा प्रकार मिळतो. एकाच नावाची एलईडी सत्तर अंकाची असते आणि नव्वदचीही असते, म्हणून नुसत्या नावावर जाऊ नये, अंक विचारावा. या गुणाची किंमत उजेडात मोजावी लागते; त्याच विजेत वीस-तीस टक्के ल्युमेन कमी पडतात. वर सांगितल्याप्रमाणे तेवढी घट डोळ्याला जाणवतही नाही. जाणकार 'आर-९' म्हणून आणखी एक अंक पाहतात. तो गडद तांबड्याचा. नेहमीचा सीआरआय ज्या आठ रंगांची सरासरी आहे त्यांत हा रंग नसतो, म्हणून तो वेगळा विचारावा लागतो.

वाचलेल्यावर विश्वास ठेवण्याआधी आम्ही घरी एक खेळ केला. त्याला प्रयोग म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. अंगणात फणसाची सुकी पाने पसरली. नातवाने काथ्याच्या जाड दोरीचे वीतवीतभर आठ तुकडे त्यांत टाकले व कोठे टाकले ते आम्हाला सांगितले नाही. मग पाच पावलांवर उभे राहून मी, आमच्या सौभाग्यवती व सैन्यातून सुट्टीवर आलेला माझा एक माजी विद्यार्थी, अशा तिघांनी तुकडे मोजले. शेजाऱ्यांच्या टी-६ मध्ये मला चार दिसले, मंडळींना पाच, सैनिकाला पाच. सैनिकाची स्वतःची विजेरी उत्तम बांधणीची पण निळसर दिव्याची होती. तिच्यात एखादा अधिक. पुण्याहून पुतण्याने पाठविलेली, ४,५०० केल्व्हिन आणि नव्वदीच्या वर अंक असलेली विजेरी सर्वांत मंद होती, पण तिच्यात मला सात दिसले. मंडळींना आठही.

येथेच थांबलो असतो तर चुकीचा निष्कर्ष काढला असता. सैनिक म्हणाला, "सर, बॅटरी डोळ्याजवळ धरू नका, गुडघ्याजवळ धरा." तीच निळसर टी-६ खाली, जमिनीला समांतर धरून पाहिली, तेव्हा प्रत्येक तुकड्यामागे त्याची सावली पडली आणि मला चारांऐवजी सहा दिसले. डोळ्याच्या रेषेतून उजेड टाकला की सावल्या वस्तूंच्या मागे लपतात आणि सारे सपाट दिसते. कपाळावर बांधावयाच्या दिव्याचा हाच दोष आहे. धुक्यात तर खाली धरण्याला पर्यायच नाही, नाहीतर आपलाच उजेड परतून डोळ्यांत येतो. धुक्याला पिवळा दिवा चांगला असे म्हणतात, पण धुक्याचे थेंब सर्व रंगांना जवळजवळ सारखेच पसरवितात. तेव्हा शेजाऱ्यांना साप चावला तो केवळ दिवा वाईट होता म्हणून, असे मी वहिनींना सांगितले नाही. दिवा, त्याचा झोत, धरण्याची तऱ्हा, आणि आवाज ऐकल्यावर माघारी न वळण्याची घाई, या सर्वांचा त्यात वाटा होता.

सेलविषयी थोडक्यात. पांढऱ्या एलईडीला सुमारे तीन व्होल्ट लागतात. दीड व्होल्टचे दोन सेल सरळ जोडले तर नवे असेतो बरे, मग उजेड भराभर उतरतो. चांगल्या विजेरीत मध्ये एक छोटे विद्युत्मंडल असते. ते सेल उतरले तरी दिव्याला हवी तेवढी वीज पुरविते. स्वस्त विजेऱ्यांत मंद उजेडासाठी दिव्याची जलद उघडझाप करतात. झोतात बोटे वेगाने हलवून पाहावे. तुटक तुटक बोटे दिसली तर ही लबाडी समजावी. १८६५० या नावाचा लिथियम सेल म्हणजे १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब, हे त्या आकड्यातच लिहिलेले आहे. त्याची क्षमता साधारणतः ३,५०० मिलिअँपिअर-तासांपर्यंत असते. ९,९०० छापलेला सेल दिसला तर छापणाऱ्याला नमस्कार करून पुढे जावे. दिसावयास पेन्सिल सेलसारखाच, १४५०० नावाचा लिथियम सेल मिळतो. तो जवळजवळ चार व्होल्टचा असतो, व साध्या विजेरीत घातल्यास दिवा जळून जातो.

वहिनींसाठी मी शेवटी दोन पेन्सिल सेलची, बोटभर जाडीची विजेरी निवडली. दिवा नव्वदीच्या वरच्या अंकाचा, छटा ४,००० केल्व्हिन, पसरट झोत, आणि बटण एकदा दाबताच थेट मध्यम उजेड. पुतण्याचा आग्रह लिथियमचा होता आणि शक्तीच्या दृष्टीने त्याचे म्हणणे खरेही होते. पण आषाढात वीज गेली म्हणजे चार्ज करावयाचे कोठे? पेन्सिल सेल आमच्या वाडीच्या दुकानातही मिळतात. चार्ज होणारे चार सेल घेऊन दिले, दोन आत आणि दोन डब्यात. मध्यम उजेडावर तीन-चार तास पुरतात.

वहिनींनी ती हातात घेऊन भिंतीवर उजेड टाकला आणि त्यांचा चेहरा पडला. "गुरुजी, उजेड कमी वाटतो ओ."

मी त्यांना अंगणात नेले, पाने दाखविली, गुडघ्याजवळ धरावयास सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ती वाळकी मिरची पडली आहे ती लाल दिसते की हो." आणि वाकून त्यांनी ती उचलून घेतली.

परवा सहज त्यांच्याकडे गेलो होतो. विजेरी दाराच्या खुंटीवर होती, तिच्या बुडाच्या कडीत काथ्याची दोरी ओवलेली होती, म्हणजे मनगटात अडकवून हात खाली सोडला की ती आपोआप गुडघ्यापाशी येते. दोरीची युक्ती शेजाऱ्यांची. टी-६ कोंबड्यांच्या खुराड्यावर टांगलेली आहे. तिच्या झगझगाटाला रानमांजर भिते, असे ते म्हणतात.